रकान्यातली मुलं

१९८७ सालची विवरणपत्रं अमेरिकेच्या आयकर खात्यात येऊन पडली, त्यांची मोजदाद झाली आणि लक्षात आलं की देशातली सुमारे ७० लाख मुलं गायब आहेत. साथ आली नव्हती, युद्ध झालं नव्हतं, कुणी पोलिसांत तक्रारही दिली नव्हती. आदल्या वर्षापर्यंत ही मुलं आईबापांच्या फॉर्मवर सुखाने नांदत होती. मधल्या काळात घडलं ते एवढंच, की १९८६च्या करसुधारणा कायद्याने पाच वर्षांच्या पुढच्या प्रत्येक अवलंबिताचा सोशल सिक्युरिटी नंबर लिहिणं सक्तीचं केलं. तोवर नुसतं नाव लिहिलं की भागायचं. नंबर मागितल्याबरोबर काही मुलांना एका घरातून उठावं लागलं, कारण घटस्फोट झालेली आई आणि बाप या दोघांच्याही फॉर्मवर ती एकाच वेळी राहत होती. काही मुळात जन्मलीच नव्हती. आणि काहींना, खात्यातल्या मंडळींना आलेल्या संशयाप्रमाणे, चार पाय आणि एक शेपूट होतं.

हा किस्सा सांगताना लोक हसतात ते लबाडीला. मला त्यातलं दुसरंच काही थक्क करतं. करखात्याच्या लेखी मूल म्हणजे फॉर्मवरचा एक रकाना. तो भरला तर मूल आहे, नाही भरला तर नाही. सरकार लेकरांसाठी काय करतं, असं कुणी विचारलं तर आपल्या डोळ्यांपुढे शाळा, अंगणवाडी, लसीकरण येतं. अमेरिकेत मात्र मुलांच्या नावाने होणारा फार मोठा खर्च, वर्षाला १०० अब्ज डॉलरहून जास्त, या रकान्यातून होतो. तो कुठल्या इमारतीत दिसत नाही, त्याचं उद्घाटन होत नाही. तो दिसतो एप्रिलच्या मध्यापर्यंत भरायच्या फॉर्मवर, मुलाच्या नावापुढच्या एका चौकटीत केलेल्या खुणेच्या रूपाने.

आधी हे पाहू, की खोटी मुलं लिहून तेव्हा मिळत काय होतं. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, अमेरिकेने आयकर बराच वाढवला आणि त्याबरोबर एक सवलत दिली: दर मुलामागे उत्पन्नातले २०० डॉलर करमुक्त. ही रक्कम वाढत वाढत १९८७ला १,९०० डॉलरवर आली होती. ही झाली वजावट. वजावट उत्पन्नातून होते, करातून नाही, आणि सगळी मेख इथेच आहे. त्या वर्षी करदराची सगळ्यात वरची पायरी ३८.५ टक्क्यांची होती, खालची ११ची. वरच्या पायरीवरच्या बापाला एका मुलामागे साधारण ७३० डॉलर वाचले, खालच्या पायरीवरच्याला २०९. ज्याची कमाई इतकी तुटपुंजी की करच लागत नाही, त्याला शून्य. तिघांच्याही पोरांना भूक सारखीच लागते, पण कायद्याने त्यांची किंमत वेगवेगळी केली होती.

आपल्याकडेही हा रकाना होता, हे फार जणांना ठाऊक नसतं. चिंतामणराव देशमुखांनी १९५५च्या अर्थसंकल्पात विवाहितांसाठी करमुक्त उत्पन्नाची मर्यादा १,५०० रुपयांवरून २,००० वर नेली आणि अविवाहितांसाठी ती १,००० वर आणली. संसार असेल तर सवलत, सडाफटिंग असाल तर भरा. दोनतीन वर्षांतच त्यात मुलंही आली: विवाहित पण मूल नसलेल्याला ३,००० रुपये करमुक्त, एक मूल असेल तर ३,३००, दोन असतील तर ३,६००. पुढे कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण भिंतीभिंतींवर आले आणि मुलांमागे करसवलत देणं सरकारला परवडेना, पैशानेही आणि तत्त्वानेही. १९६१च्या आयकर कायद्याखाली नोकरदारांना मिळणाऱ्या शिक्षण भत्त्याची करमुक्त रक्कम मात्र वर्षानुवर्षं मुलामागे महिन्याला १०० रुपयांवर बसून राहिली, तीही दोनच मुलांपुरती. तेवढ्यात आता वह्यासुद्धा येत नाहीत.

वजावटीचा आणखी एक दोष होता, आणि तो उघडा पडला ब्रिटनमध्ये. तिथे मुलांमागची करसवलत बापाच्या पगारात दिसायची: कर कमी कापला जायचा, पाकीट थोडं जाड व्हायचं. ते पाकीट घरी येईतो किती जाड राहायचं हा वेगळा प्रश्न. एलिनॉर रॅथबोन नावाच्या खासदार बाई मुलांमागे थेट रोख रक्कम द्यावी म्हणून दोन तपांहून जास्त काळ भांडल्या. १९४५ साली कायदा आला तेव्हा मूळ मसुद्यात पैसे बापाच्या हाती जाणार होते. त्यांनी ते आईच्या हाती द्यायला लावले. पहिला हप्ता ऑगस्ट १९४६मध्ये निघाला. बाई त्याच्या काही महिने आधी, जानेवारीत वारल्या. तरीही बापाची करसवलत या भत्त्याच्या जोडीला चालूच होती. १९७७ ते १९७९ या काळात ती टप्प्याटप्प्याने बंद करून सगळा पैसा आईच्या नावाने देणं सुरू झालं. त्याआधी मंत्रिमंडळाचीच चलबिचल झाली होती, कारण पुरुष कामगारांच्या हातात पडणारा पगार घटणार होता. घरात येणारा एकूण पैसा फारसा बदलला नाही, बदलला तो हात. लुंडबर्ग, पोलॅक आणि वेल्स या तीन अर्थशास्त्रज्ञांनी पुढे घरखर्चाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढलेला आढळला. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये कुणाच्या खात्यात जातात यावर ज्यांनी गावागावात वाद ऐकलेत, त्यांना या निष्कर्षाचं नवल वाटायचं नाही.

आता वजावटीहून वेगळा प्रकार, क्रेडिट. हे कळायला आपल्याकडच्या १९६१च्या आयकर कायद्यातलं कलम ८७ए हाताशी आहे. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर ६० हजारांपर्यंतचा कर माफ होतो. ही सवलत उत्पन्नातून नव्हे, थेट करातून मिळते. क्रेडिट तसंच. १,००० डॉलरचं क्रेडिट म्हणजे श्रीमंताचेही १,००० आणि मध्यमवर्गीयाचेही १,०००. करपायरी कुठलीही असो, मुलाची किंमत एक. पण समजा तुमचा कर ४० हजारच होता. मग ८७एने तो पुसला जातो आणि उरलेली २० हजारांची सवलत हवेत विरते. ती कुणी तुमच्या खात्यात जमा करत नाही. आपल्याकडे रिफंड म्हणजे आपलेच जास्त कापलेले पैसे परत येणं.

अमेरिकेने १९७५ साली नेमकी ही भिंत पाडली. कर शून्य असला तरी क्रेडिटची रक्कम सरकार तुम्हाला देईल. जी रक्कम तुम्ही कधी भरलीच नव्हती, ती तुमच्या खात्यात येणार. देणेकरी आणि घेणेकरी यांनी जागा बदलल्या, आणि तेही त्याच फॉर्मवर, त्याच खात्याकडून, ज्याच्या नावाने लोक बोटं मोडतात. यामागची कल्पना मिल्टन फ्रीडमनची, बाजारपेठेच्या कट्टर पुरस्कर्त्याची. ठरावीक उत्पन्नाच्या वर असाल तर तुम्ही कर द्या, खाली असाल तर सरकारने तुम्हाला द्यावा, असं त्याने १९६२च्या पुस्तकात मांडलं होतं. अध्यक्ष निक्सन यांनी १९६९ साली मुलं असलेल्या प्रत्येक गरीब कुटुंबाला किमान उत्पन्नाची हमी द्यायचं घाटलं, ते सिनेटमध्ये बारगळलं. ते बारगळवण्यात पुढे असलेले लुइझियानाचे सिनेटर रसेल लाँग यांनीच मग आपली आवृत्ती आणली: पैसे मिळतील, पण कमावणाऱ्यालाच. पहिल्या ४,००० डॉलर कमाईवर १० टक्के, म्हणजे फार तर ४०० डॉलर. काही न कमावणाऱ्याला काही नाही. ‘कमाईचं क्रेडिट’ हे नाव तिथून पडलं, आणि ‘आधी कमाई दाखवा’ हा हट्टही मुलांच्या क्रेडिटमध्ये तिथूनच उतरला.

खास मुलांसाठीचं क्रेडिट, चाइल्ड टॅक्स क्रेडिट, आलं १९९७च्या कायद्याने. १९९८ला दर मुलामागे ४०० डॉलर, पुढच्या वर्षी ५००, मग पायरीपायरीने १,०००, २०१८पासून २,००० आणि २०२५पासून २,२००. आकडे चढत गेले तसतशी त्या रकान्याची व्याख्याही काटेकोर होत गेली. ती वाचताना मला कादंबरी वाचल्यासारखं वाटतं, खरंच सांगतो.

मूल कोण? मुलगा, मुलगी, सावत्र मूल, दत्तक मूल, सरकारी यंत्रणेने सांभाळायला सोपवलेलं मूल, हे ओघाने आलंच. पण नातू चालतो, भाचा चालतो, पुतणी चालते, पाठचा भाऊसुद्धा चालतो. चुलतभाऊ चालत नाही. आपल्या एकत्र कुटुंबात त्याच्यात आणि सख्ख्यात कुणी फरक केला नसता, अमेरिकन कायदा करतो. मूल वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस तुमच्या घरी राहिलेलं हवं. परक्या माणसाने ते पळवून नेलं असेल तर? नियमांत याचाही विचार आहे: पळवलेलं मूल तुमच्या घरीच राहत आहे असं धरलं जातं. वर्षअखेरीला ते सतरा वर्षांच्या आत हवं. सतरावा वाढदिवस ३१ डिसेंबरला आला तर त्या वर्षीचं क्रेडिट गेलं, १ जानेवारीला आला तर मिळालं. जन्माचं उलट: ३१ डिसेंबरच्या रात्री बारा वाजायच्या आत बाळ रडलं की अख्ख्या वर्षाचं क्रेडिट. डिकर्ट-कॉनलिन आणि चंद्रा या अभ्यासकांनी १९९९ साली दाखवून दिलं, की करात जितका जास्त फायदा, तितकं मूल जानेवारीऐवजी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जन्मण्याची शक्यता जास्त. मुहूर्त पाहून सिझेरियन ठरवणाऱ्यांना आपण हसतो. हे मुहूर्त करखात्याच्या पंचांगातले.

आणि एक ओळ अशी आहे, जिच्यापाशी हसू थांबतं. बाळ त्याच वर्षी जन्मून त्याच वर्षी गेलं असेल, नंबर काढण्याइतका वेळही मिळाला नसेल, तर नंबराच्या जागी ‘मृत’ लिहावं आणि जन्मदाखल्याची, मृत्यूदाखल्याची किंवा दवाखान्याच्या कागदांची प्रत जोडावी. ते जिवंत जन्मलं होतं हे त्या कागदांवरून कळलं पाहिजे. काही मिनिटं जगलेलं मूलही मूल धरलं जातं.

जिवंत, धडधाकट, रोज शाळेत जाणारं मूल मात्र कधीकधी धरलं जात नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं एखादं मराठी घर घ्या. थोरला पुण्यात जन्मला, बाबांना नोकरीचा एच-१बी व्हिसा मिळाला तेव्हा आईचं बोट धरून एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर गेला. धाकटी तिथेच झाली, जन्मतः अमेरिकन नागरिक. एका ताटात जेवणारी भावंडं. धाकटीला सोशल सिक्युरिटी नंबर आहे, म्हणून तिच्यामागे २,२०० डॉलर. थोरल्याला एच-४ वर तो नंबर मिळत नाही. त्याला करापुरता दिलेला वेगळा क्रमांक असतो, सगळे ज्याला आयटिन म्हणतात तो. २०१७पर्यंत आयटिनवरच्या मुलालाही पूर्ण क्रेडिट मिळायचं. २०१८पासून नियम बदलला, आणि आता थोरला ‘इतर अवलंबित’ या सदरात ५०० डॉलरला बसतो. सतरा ओलांडलेली मुलं आणि मुलाने पोसलेले म्हातारे आईवडीलही त्याच सदरात असतात. फॉर्मवर दोघा भावंडांची नावं एकाखाली एक येतात, खूण मात्र वेगवेगळ्या चौकटीत. ग्रीन कार्ड हातात आलं की थोरल्यालाही नंबर मिळेल, पण भारतीयांची ती रांग एवढी लांब आहे, की तोवर पोराला मिसरूड फुटून वयाची अट टळलेली असते.

आता खरा हिशेब करू, कारण या क्रेडिटचं मर्म आकड्यांतच दिसतं. मिसिसिपी राज्यातली एकटी आई धरा, हॉटेलात खोल्या साफ करणारी. मुलं दोन, चार आणि नऊ वर्षांची. मजुरी केंद्राच्या किमान दराची, ताशी सव्वासात डॉलर. हा दर २००९पासून हललेला नाही. आठवड्याला ३२ तास काम मिळालं तर वर्षाचे साधारण १२ हजार डॉलर. तिला आयकर शून्य. दोन मुलांचं क्रेडिट कागदावर ४,४०० डॉलर. पण कर नसेल तर हातात किती द्यायचं याचं सूत्र असं: कमाईतले पहिले २,५०० डॉलर सोडा, उरलेल्याचे १५ टक्के द्या. बारा हजारांतून अडीच हजार गेले, राहिले साडेनऊ हजार, त्याचे १५ टक्के म्हणजे १,४२५. बस्स. पुरते ४,४०० पदरात पडायला, २०२५चे बाकीचे नियमही धरले तर, तिची कमाई साडेतेहतीस हजारांच्या थोडी पुढे जायला हवी होती.

तिकडे नवरा-बायको मिळून वर्षाला ३ लाख ९० हजार डॉलर कमावणाऱ्या घरात दोन मुलांमागे पूर्ण ४,४०० पोचतात. त्यांचं क्रेडिट कमी व्हायला लागतं ४ लाखांच्या पुढे, दर हजारामागे ५० डॉलर या बेताने, आणि संपतं थेट ४ लाख ८८ हजारांवर. आलेख काढला तर तो सह्याद्रीतल्या पठारासारखा निघतो: खाली दमछाक करणारी चढण, वर लांबच लांब सपाटी आणि पलीकडे सावकाश उतार. गरीब मुलं चढणीच्या पायथ्याशी.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. या बाईला लाँगसाहेबांचं कमाईचं क्रेडिटही मिळतं, दोन मुलांसाठी कमाईच्या ४० टक्के, म्हणजे तिला सुमारे ४,८०० डॉलर, आणि तिचं घर पुष्कळसं त्यावर तरतं. पण तेही कमाईवरच मोजलेलं. नोकरी गेली की दोन्ही क्रेडिटं तिच्याबरोबर जातात, नेमकी तेव्हाच. मुलांच्या नावाचं क्रेडिट म्हणतात खरं, पण मोजपट्टी लावतात ती आईबापांच्या पगाराला.

ही मोजपट्टी एकदाच बाजूला ठेवली गेली, २०२१मध्ये. कोविडच्या मदतीच्या कायद्याने त्या एका वर्षापुरतं क्रेडिट सहा वर्षांखालच्या मुलाला ३,६०० आणि मोठ्याला ३,००० डॉलर केलं, सतरा वर्षांची मुलंही आत घेतली आणि कमाईची अट काढून टाकली. दुसरा बदल तितकाच मोठा होता: निम्मी रक्कम वर्षभर थांबायला न लावता दर महिन्याला. १५ जुलै २०२१ला पहिला हप्ता पडला. साधारण साडेतीन कोटी घरं, जवळपास सहा कोटी मुलं, सुमारे १५ अब्ज डॉलर, एका दिवसात. बँकेच्या नोंदीत नुसता एक शब्द यायचा, ‘चाइल्डसीटीसी’. कर वसूल करणारं खातं महिन्याच्या महिन्याला लेकरांचे पैसे पोचवू लागलं. यंत्रणा तीच, खाते क्रमांक तेच, कर्मचारीही तेच.

मिसिसिपीच्या त्या बाईला महिन्याला ५५० डॉलर आले असते, सहा महिन्यांचे ३,३००, आणि उरलेले ३,३०० फॉर्म भरल्यावर. मुलं असलेल्या घरांतली अन्नाची चणचण पहिल्या हप्त्यांनंतर लगेच कमी झाल्याचं जनगणना खात्याच्या पाहण्यांत दिसलं. सरकारी मदत आणि क्रेडिटं धरून मोजलेलं बालदारिद्र्य २०२०मध्ये ९.७ टक्के होतं, ते २०२१मध्ये ५.२ टक्क्यांवर आलं. या मोजणीतला हा तोवरचा नीचांक. कोविडची इतर मदतही त्यात होती, पण एकट्या या क्रेडिटने २९ लाख मुलांना दारिद्र्यरेषेच्या वर काढल्याचं त्याच खात्याचं गणित आहे.

शेवटचा हप्ता १५ डिसेंबरला गेला. मुदतवाढीचा प्रस्ताव कनिष्ठ सभागृहात मंजूर झाला होता. सिनेटमध्ये मतं पन्नास-पन्नास, म्हणजे एकही मत निसटून चालणार नव्हतं. १९ डिसेंबरला वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर ज्यो मँचिन यांनी दूरचित्रवाणीवर सांगितलं की आपण या विधेयकाला मत देणार नाही. आईबापांनी काम केलंच पाहिजे ही अट त्यांना हवी होती. काम न करणाऱ्यांना फुकट पैसे मिळाले तर काम कोण करील, हा विरोधकांचा प्रश्न आपल्याकडेही ओळखीचा आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. माझी अडचण इतकीच, की पैसे ज्याच्या नावाचे आहेत तो चार वर्षांचा आहे. २०२२मध्ये बालदारिद्र्य १२.४ टक्क्यांवर गेलं. आकड्यांत सांगायचं तर ३८ लाख मुलांची ९० लाख झाली.

त्या बाईची कमाई १२ हजारांवरच धरून तिच्या हाती आलेल्या मुलांच्या क्रेडिटची नोंद मांडली, तर ती अशी दिसते: २०१८ला १,४२५, २०१९ला १,४२५, २०२०ला १,४२५, २०२१ला ६,६००, २०२२ला पुन्हा १,४२५. ४ जुलै २०२५ला सही झालेल्या कायद्याने क्रेडिट २,०००वरून २,२०० केलं आणि २०२६पासून ते महागाईप्रमाणे वाढवायचंही ठरवलं. पावणेचार-चार लाखांच्या घरात दोन मुलांमागे ४०० डॉलर जास्त आले. तिची रक्कम ठरते ती १५ टक्क्यांनी, आणि त्याला कुणी हात लावलेला नाही. २०२५चा तिचा आकडा १,४२५.